गोधडीवरची रेघ

सरळ वागणाऱ्या माणसाला आपण मराठीत ‘सुतासारखा सरळ’ म्हणतो. ही उपमा ज्याने प्रथम काढली, त्याने जन्मात कधी गोधडीला दोरे घातले नसावेत. सूत आपणहून कधीच सरळ जात नाही. सुई जाईल तिकडे सूत जाते, हात जाईल तिकडे सुई जाते. आणि हात कुठे जाईल याचा काही नेम नसतो. त्यातून समोर एखादी शेजारीण गप्पांना बसलेली असली, तर मग बोलायलाच नको! सूत सरळ होते ते कुणीतरी दोन्ही टोकांनी ताणून धरले म्हणजे. माणसांचेही पुष्कळदा तसेच असते, पण तो आजचा विषय नव्हे.

आजचा विषय आहे गोधडीवरच्या रेघा. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे पेटारे खाली उतरतात आणि वर्षभर अंधारात पडलेल्या गोधड्या गच्चीवर ऊन खायला जातात. त्यांच्याकडे आपण पाहतो ते रंगांसाठी. हा तुकडा आजीच्या लुगड्याचा, ही चौकड कुणाच्या तरी परकराची, हे दादांच्या शर्टाचे कापड, अशी ओळखपरेड होते आणि घडी पुन्हा पेटाऱ्यात जाते. यंदा एक करून पाहा. रंग क्षणभर विसरा आणि दोऱ्यांच्या ओळी पाहा. एका बोटाच्या अंतराने शेकडो ओळी, या काठापासून त्या काठापर्यंत, न चुकता गेलेल्या दिसतील. काही गोधड्यांवर शंकरपाळ्यांसारख्या तिरप्या चौकटी दिसतील, काहींवर एकात एक बसणारी कमळाची पाने. शिवणारणीजवळ ना ड्रॉइंगचा फळा, ना टेप. मग हे सारे आखले कशाने?

मी कॉलेजात मराठी शिकवते. त्यामुळे ‘आखणे’ म्हटले की मला आधी शब्दच आठवतात. ‘आखीवरेखीव’ हा शब्द आपण सुबक गोष्टीसाठी वापरतो. पण तोच शब्द लेखाला लावला, तर लेखकाला राग येण्याचा संभव असतो. सुबकपणा हवा, पण त्यासाठी मारलेली रेघ मात्र दिसता कामा नये, अशी आपली एक चमत्कारिक अपेक्षा असते. गोधडीच्या बाबतीत ही अपेक्षा अगदी शब्दशः खरी आहे. टाका पडेपर्यंत रेघ राहिली पाहिजे आणि टाका पडला की नाहीशी झाली पाहिजे. या दोन अटींत सगळी विद्या आहे.

मुळात रेघ हवी कशाला, असे कुणी विचारील. जुन्या धोतरांचे आणि लुगड्यांचे चार-पाच थर एकावर एक अंथरले, की ते एकमेकांशी एकजीव होऊन राहावेत म्हणून दोरे घालायचे. दोरे विरळ पडले तर आतले थर सरकतात, गोळा होतात आणि पांघरणाऱ्याच्या वाट्याला एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला नुसते फडके येते. म्हणून ओळी जवळजवळ हव्यात, आणि सारख्या अंतरावर हव्यात.

पुष्कळ घरांत याला रेघ लागतच नसे. पहिला दोरा काठाला लागून घालायचा, दुसरा पहिल्याला लागून, तिसरा दुसऱ्याला. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, आणि त्यांतले कितीतरी गोव्यातून तिकडे गेलेले. त्यांच्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात, ती अशीच. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, कडेकडेने फिरत फिरत आत यायचे आणि मध्यावर संपवायचे. चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या तिकोनी तुकड्यांची फुले लावायची. ही फुले नसली तर गोधडी उघडी राहिली असे त्या मानतात. खडू नाही, पट्टी नाही. मागच्या ओळीने पुढच्या ओळीला वाट दाखवायची.

पण या पद्धतीला एक खोड आहे. मागच्या ओळीत एखादे वाकण पडले, तर पुढची ओळ तिचे निमूटपणे अनुकरण करते, आणि वीस ओळींनंतर त्या इवल्याशा वाकणाचा चांगला नदीसारखा वळसा झालेला असतो. तो सुंदरही दिसतो कधी कधी. पण ज्यांना सरळ ओळ किंवा नेमकी नक्षी हवी, त्यांना खूण करावीच लागते. आणि तिथेच घरातल्या वस्तूंवर नजर जाते.

खूण करण्यात धोका काय असतो, हे माझ्या एका मावसबहिणीच्या गोधडीवरून सांगते. मावशी गेल्यानंतर तिची दोन नऊवारी लुगडी आणि चार पातळे घरात होती. ती कुणाला देऊन टाकण्याचा धीर होईना, म्हणून बहिणीने त्यांची गोधडी करायचे ठरवले. रंगसंगती छान जमली, थर अंथरले गेले आणि ओळी आखण्यासाठी हाताशी होते ते बॉलपेन तिने उचलले. दोरे घालून झाले. रेघा थोड्या दिसत होत्या, पण ‘धुतल्यावर जातील’ असा हिशेब होता. पहिल्या धुण्यात त्या गेल्या नाहीत, उलट फुटल्या. मावशीच्या फिकट बदामी पातळावर प्रत्येक टाक्याच्या दोन्ही अंगांना निळसर धूर पसरला. दुसऱ्या कापडाचे असते तर पुन्हा आणले असते. मावशीच्या पातळांचा दुसरा जोड कुठल्या बाजारात मिळणार? तिने मग त्या सगळ्या ओळींवरून गडद निळा जाड दोरा पुन्हा घातला. महिनाभर रोज रात्री बसत होती. गोधडी आज चांगली दिसते. पण ती दिसते बहिणीच्या जिद्दीमुळे, बॉलपेनमुळे नव्हे.

म्हणून ज्या घरांत ही विद्या मुरलेली होती, तिथे ‘रेघ कशाने मारू?’ या प्रश्नाच्या आधी ‘ती जाईल कशाने?’ हा प्रश्न विचारला जाई. त्या दृष्टीने घरातल्या हत्यारांची थोडी झडती घेऊ.

सर्वांत गुणी खूण म्हणजे जी कापडाला काहीच लावत नाही. नखाने दाबून ओढलेली रेघ ही त्यातली पहिली. सुती कापडावर ती चांगली दिसते आणि एका बैठकीपुरती टिकते. बोथट जाड सुई किंवा दाभणाची पाठ आडवी धरून ओढली, तर याहून स्पष्ट वळ उठतो. तिसरी युक्ती कापडाचीच: चौकडीच्या लुगड्याला किंवा लुंगीच्या कापडाला विणकराने आधीच रेघा मारून ठेवलेल्या असतात, खणावर बुट्ट्यांच्या रांगा असतात, त्यांच्यावरून सुई चालवायची. आणि साधे कापड असेल, तर त्यातला एकच धागा टोकाला धरून हलकेच ओढून काढायचा. तो जिथून निघतो तिथे सरळ बारीक वाट पडते. विणकराच्या मागावर जे सूत ताणले गेले होते, त्याच्याइतकी सरळ रेघ कुठल्या फूटपट्टीला मारता येणार?

यानंतर येते ती पूड. शिंप्याचा चपटा खडू सर्वांना ठाऊक आहे. तो नसला तर अंगाच्या साबणाची झिजून पातळ झालेली चकती त्याचे काम करते. तिची कड सुरीने तासून घेतली की गडद कापडावर बारीक पांढरी रेघ उमटते, आणि ती धुण्याचा प्रश्नच नसतो, कारण ती स्वतःच साबण! मुलांच्या दप्तरात पूर्वी हमखास सापडणारी पाटीवरची पेन्सिलही काळ्या-निळ्या कापडावर नामी चालते. पूड झटकली की जाते, हा तिचा गुण. आणि मांडीवर घेऊन शिवताना आपोआपही जाते, हा तिचा अवगुण. म्हणून सगळी गोधडी एकदम आखून ठेवायची नाही. आज जेवढी शिवायची तेवढीच आखायची.

लांब सरळ रेघेसाठी सुताराकडून उसने घेतलेले तंत्र आहे. सुतार हा शब्द ‘सूत्रधार’ या शब्दापासून आलेला. म्हणजे हातात दोरी धरणारा. तो लाकडावर रंगवलेली दोरी ताणतो, टिचकी मारल्यासारखी उचलून सोडतो आणि लखकन् रेघ उमटते. गोधडीवर हेच खडूच्या पुडीत लोळवलेल्या जाड दोऱ्याने करता येते. दोघींनी दोन टोके धरायची, तिसरीने मधोमध चिमटीत उचलून सोडायची. दहा-बारा रेघा पाच मिनिटांत होतात. मात्र सुताराच्या डब्यातला गेरू इथे आणायचा नाही. त्याचा तांबडा डाग कापडाला धरून बसतो. स्वयंपाकघरातली हळदही नको. ती धुऊन जाईल असे वाटते, पण साबण लागला की हळद लाल होते हे आपण पाहतोच, आणि पिवळेपणा जायला मग पुष्कळ उन्हे दाखवावी लागतात.

आता दिवाळीची हत्यारे. ठिपक्यांच्या रांगोळीसाठी कागदाला सारख्या अंतरावर उदबत्तीने भोके पाडतात, तो कागद जमिनीवर ठेवतात, वरून रांगोळी पसरून हात फिरवतात आणि कागद उचलला की खाली ठिपक्यांच्या शिस्तशीर रांगा. तोच कागद गोधडीवर ठेवा. रांगोळी जरा जाडीभरडी असते, म्हणून खडूची वस्त्रगाळ पूड तलम फडक्याच्या पुरचुंडीत बांधून कागदावर हलकेच थोपटा. ठिपके पडले की सुईनेच ते जोडत जायचे. साडीवर जरीकाम करणारे कारागीर हेच करतात. नक्षीच्या कागदाला सुईने भोके पाडून ‘खाका’ तयार करतात आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या पुडीचा बोळा त्यावरून फिरवतात. आपल्या दारातली रांगोळी आणि त्यांचा खाका ही सख्खी भावंडे आहेत.

करंजीचे कातणे हे दुसरे. त्याचे नागमोडी चाक कापडावरून दाबून फिरवले की बारीक दातांचा वळ उठतो. शिंपी ज्या दातेरी चाकाने कापडावर खुणा करतात त्याचाच हा घरगुती चुलतभाऊ. कातणे अर्थातच धुऊन, कोरडे करून घ्यायचे. तुपाचा डाग बॉलपेनच्या डागापेक्षा फारसा बरा नसतो. आणि पोळी लाटून तिरप्या रेघांनी शंकरपाळ्या कापणाऱ्या बाईला गोधडीवर तिरप्या चौकटी कशा पाडायच्या हे कुणी शिकवायला नको. दोन्हीकडे पहिली तिरपी रेघ कोपऱ्यातून कोपऱ्यात. बाकीच्या तिला समांतर.

गोल आकारांना तर घरात तोटाच नाही. वाटी, ताटली, डब्याचे झाकण. आणि सर्वांत सोयीची म्हणजे बांगडी. तिच्या आतूनही रेघ ओढता येते आणि बाहेरूनही. दोन वर्तुळे एकमेकांत शिरली की मध्ये आपोआप पान तयार होते. अशी सहा पाने एका बिंदूभोवती आली की फूल. कमळाच्या पानांची गोधडी म्हणजे बहुतेक वेळा एक बांगडी आणि पुष्कळ चिकाटी. काठावर सारख्या कमानी हव्या असतील तर टेपचीही गरज नाही. काठाच्या लांबीची वर्तमानपत्राची पट्टी कापा, तिची अर्धी घडी करा, पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी. आठ सारखे भाग होतात. भागाकार चुकण्याची भीती नाही.

अमेरिकेतल्या बायकांनी तर वर्तुळासाठी भांडेही घेतले नाही. चौकटीवर ताणलेल्या रजईवर कोपर टेकवायचे, हातात खडू धरायचा आणि कोपर न हलवता हात फिरवायचा. पंख्यासारखी कमान उमटते. मग हात थोडा आखडून तिच्या आत दुसरी, तिसरी. चर्चच्या बायका एकत्र बसून रजया शिवत, त्यांच्यात ही नक्षी इतकी रूढ झाली की तिला ‘बॅप्टिस्ट फॅन’ असे नाव पडले. प्रत्येकीच्या हाताची लांबी वेगळी, म्हणून प्रत्येकीच्या कमानीही वेगळ्या. आपल्या वितीसारखेच हे. वीत मोजायची ती आपल्या हाताचीच.

इंग्लंडमध्ये मात्र रेघा मारणे हा एक धंदाच होऊन बसला होता. पूर्वी आपल्याकडे उशीच्या अभ्य्रावर नक्षी छापून आणायला बायका दुकानात जात, तसाच काहीसा हा प्रकार. उत्तरेकडच्या नॉर्थम्बरलंड परगण्यात ॲलनहेड्स हे शिशाच्या खाणींचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या गावाजवळ जॉर्ज गार्डिनर नावाचा एक दुकानदार रजईच्या वरच्या कापडावर निळ्या पेन्सिलीने फुले, वेली, पिसे काढून देत असे. गिऱ्हाइकाने ते घरी न्यावे आणि रेघांवरून टाके घालावेत. त्याच्या हाताखाली शिकलेली एलिझाबेथ सँडरसन पुढे स्वतः नाणावली आणि तिने आणखी मुली या कामात तयार केल्या. तिथे निळी पेन्सिलच का? कारण कापड दुकानातून घरी जायचे, आठवडेच्या आठवडे शिवले जायचे. खडूची रेघ तोवर टिकली नसती. जवळच्याच डरहॅम भागातल्या ज्या बायका आपली रजई आपणच आखत, त्या मात्र बोथट सुईने वळ उठवत आणि चौकटीवर जेवढा भाग उघडा असेल तेवढाच आखत. हातात पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा आकार, नाहीतर कप, बशी किंवा ताट. रेघ किती दिवस टिकायला हवी यावर हत्यार ठरत होते.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ॲलनहेड्सच्या ज्या रजया कधी धुतल्याच गेल्या नाहीत, त्यांवर निळ्या रेघा अजून दिसतात. म्हणून त्या कशा आखल्या हे आज कुणालाही सांगता येते. सुईचा वळ मात्र रजई चौकटीवरून उतरली की संपला. त्याची साक्ष कापडावर कुठेच नाही. ते आपल्याला ठाऊक आहे ते कुणीतरी वेळीच विचारले म्हणून. 1928 साली तिकडच्या ग्रामोद्योग संस्थेने वेल्समधल्या आणि डरहॅममधल्या रजई शिवणाऱ्या बायकांना काम मिळवून देण्याची योजना काढली. मेव्हिस फिट्झरँडॉल्फ या बाई त्या कामानिमित्त खाणकामगारांच्या घराघरांत हिंडल्या, शिवणाऱ्या बायकांशी बोलल्या आणि 1954 साली त्यावर पुस्तक लिहिले.

आज बाजारात नवी पेने आली आहेत, आणि ती वाईट आहेत असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण त्यांनाही तोच प्रश्न विचारा: रेघ जाईल कशाने? निळे पेन असते ते पाण्याने जाते. पण आधी इस्त्री फिरली तर रेघ पक्की होऊन बसू शकते. म्हणून प्रथम साधे गार पाणी, नंतर बाकी सगळे. जांभळे पेन हवेनेच एक-दोन दिवसांत उडून जाते. म्हणजे शनिवारी आखून पुढच्या रविवारी शिवणाऱ्यांच्या उपयोगाचे नाही. तिसरे पेन इस्त्रीच्या उष्णतेने अदृश्य होते, आणि ते पाहून जादू झाल्यासारखे वाटते. परंतु ती शाई नाहीशी होत नाही, फक्त रंगहीन होते. शून्याखाली दहा-वीस अंश थंडी मिळाली की रंग परत येऊ शकतो. मुंबई-पुण्यात याची काळजी नको. पण कॅनडात असलेल्या लेकीला बाळंतपणासाठी दुपटे धाडणाऱ्या आईने हे जरूर ध्यानात ठेवावे. ऐन जानेवारीत बाळाच्या अंगावरच्या दुपट्यावर आजीच्या रेघा उगवायच्या! सरळ ओळींसाठी चिकटपट्टी लावून तिच्या कडेने शिवण्याची युक्तीही चांगली आहे. फक्त रात्री काम आटोपताना पट्टी काढून ठेवावी, नाहीतर गोंद कापडावर राहतो.

कोणतेही साधन असो, त्याच कापडाच्या चिंधीवर आधी रेघ मारून ती धुऊन आणि इस्त्री करून पाहावी. चिंधी नसेल तर गोधडीच्या मागच्या कोपऱ्यावर. पंधरा मिनिटांचे काम आहे. माझ्या बहिणीचे एका महिन्याचे जागरण त्याने वाचले असते.

आता पुन्हा आपल्या गच्चीवरच्या गोधड्यांकडे. त्यांवर टाके आहेत, रेघा नाहीत. चांगल्या शिवणारणीने आपली खूण मागे ठेवली नाही, ही तिची कुशलता. पण तिच्याबरोबरच तिची युक्तीही जाते, हा आपला तोटा. लुगडी कुणाची हे आपण विचारतो. रेघा कशाने मारल्या हे सहसा कुणी विचारत नाही, आणि न विचारलेली गोष्ट म्हातारी माणसे आपणहून सांगत नाहीत. ‘त्यात काय सांगायचे?’ असे त्यांना वाटते. घरात एखादी आजी, आत्या, काकू असेल, तर फराळाचे ताट पुढे ठेवून यंदा तेवढे विचारा. ती नखाने ओढीत होती की साबणाने, वाटी कोणती घेत होती, दोरी दुसऱ्या टोकाला कोण धरत असे. उत्तर मिळाले की लिहून ठेवा. आणि लिहिण्यापुरते बॉलपेन घ्यायला काहीच हरकत नाही.